काचेचा टोप

आमच्या घरी काचेचे टोप आले ते एका शनिवारी संध्याकाळी, आणि मला पहिला संशय आला तो सुनेच्या चेहऱ्यावरून. एवढं जड खोकं घेऊन ती अंधेरीहून भांडुपला आली होती. बसमध्ये मांडीवर धरून, आणि मग आमच्या चढावर दोन्ही हातांत कवटाळून. घामाने निथळत होती आणि तरी हसत होती. दमलेलं माणूस फुकटचं हसत नाही. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच मनाशी पक्कं केलं.

खोक्यातून थर्माकोल निघाला, मग दोन टोप निघाले. एक मोठा, एक लहान. झाकणंसुद्धा काचेचीच. सुनेने मोठा टोप उजेडात धरला तर त्यातून पलीकडचा फ्रिज स्पष्ट दिसत होता.

"आई, हे डायरेक्ट गॅसवर चालतात," ती म्हणाली. "साधी काच नाही ही, बोरोसिलिकेट. आमच्या लॅबमध्ये सगळी भांडी याचीच असतात. तापली तरी तडकत नाही."

"काच ती काच," मी म्हटलं. "आणि आपल्या स्टीलला काय धाड भरली होती?"

यावर ती खोक्यात डोकं घालून काहीतरी पुटपुटली. हे तिचं नेहमीचंच. लग्न होऊन आली तेव्हा चांगली खणखणीत बोलायची. गेल्या वर्ष-दीड वर्षात तिने हा ओठातल्या ओठात बोलण्याचा प्रकार सुरू केला होता. समोर असली की ठीक, पाठ वळली की नुसती पुटपुट. मी विचारायला जात नसे. ज्याला आपल्याला ऐकवायचं नाही, त्याच्या मागे कशाला लागा?

माझी सून औषधांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. गोळीत जे आहे म्हणून लिहिलंय ते खरंच आहे का, हे तपासायचं तिचं काम. म्हणजे पगार घेऊन संशय घ्यायचा. मी तो आयुष्यभर फुकट घेत आले. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते मी. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांना लोकांशी जोडून द्यायचं, नंतरच्या काळात चौकशीच्या बोर्डावर नंबर सांगायचे. पहिल्या "हॅलो"त मला कळायचं, माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय. चेहरा कोणालाही करता येतो, आवाज करता येत नाही, असं मी नव्या मुलींना शिकवायचे. कानांवर माझं पोट भरलं आणि कानांचा मला माज होता. तो असायलाच हवा होता.

पण निवृत्त झाल्यावर लोकांचे आवाजच बिघडत गेले. टीव्हीवरच्या बायका काय बोलतात ते कळेना, तेव्हा मी मालिका बघणं सोडलं. त्यात तसंही ऐकण्यासारखं काही नसतं. जिन्यात उभ्या राहणाऱ्या शेजारणी मला बघून आवाज खाली आणायच्या. मुलाचं बरं होतं. त्याचा आवाज वडिलांवर गेलाय, खर्जातला, एका खोलीत असला की तो पोचायचा. पुटपुटायची ती सूनच. म्हणून माझा संशय तिच्यावर.

आता काचेच्या टोपात एवढं घाबरण्यासारखं काय होतं ते सांगते. त्याच्या महिनाभर आधी आमचा कुकर जळला होता. तूरडाळीचा कुकर लावून मी बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसले होते. नेहमीप्रमाणे शिट्ट्यांची वाट बघत होते. शिट्टी काही होईना. मग जळका वास आला आणि जाऊन बघते तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेला, डाळीचा कोळसा झालेला आणि भिंतीवर छतापर्यंत पिवळे शिंतोडे. मी मुलाला सांगितलं, कुकरची रिंग गेली असणार, शिट्टी झालीच नाही.

मुलगा दिंडोशीच्या कोर्टात कारकून आहे. घरातही त्याला प्रत्येक गोष्टीला साक्षीदार लागतो. तो शेजारी जाऊन विचारून आला.

"आई, शिट्ट्या झाल्या होत्या. त्यांच्याकडे मोजल्या सुद्धा. तू कुठे होतीस?"

"इथेच होते. त्यांना काय, सांगायला दुसऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या."

"आई, हे तिसऱ्यांदा होतंय."

"मग तीनदा रिंग गेली."

त्यानंतर त्याने पहिल्यांदा स्वयंपाकाला बाई ठेवायची गोष्ट काढली. सकाळी येईल, दोन्ही वेळचं करून जाईल, तू आरामात बस. आरामात बस! हे शब्द ज्याने काढले त्याला आईचं वय दिसत होतं, आई दिसत नव्हती. हे गेल्यापासून त्या घरात माझ्या म्हणण्याप्रमाणे चालणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे गॅसच्या शेगडीसमोरची. बाकी टीव्ही, फ्रिज, खिडक्यांचे पडदे, सगळं त्यांच्या पसंतीचं. ती जागा गेली की मी घरात पाहुणी. मी साफ नाही म्हटलं. त्याने विषय तिथेच सोडला, पण ते सोडणं मला कोर्टातल्या पुढच्या तारखेसारखं वाटलं.

आणि मग कुजबुज सुरू झाली. रात्रीची जेवणं झाली की दोघं स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता बोलत. मी दारात गेले की बोलणं थांबे. मुलगा पाणी प्यायला लागे आणि सून ओटा पुसायला लागे, पुसलेलाच ओटा पुन्हा.

या सगळ्याच्या पाठोपाठ काचेचे टोप आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कुकर जागेवर नाही. शोधला तेव्हा माळ्यावर सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून. माझा हात तिथे पोचत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"कुकर वर का टाकलास गं?"

"आता काचेतच शिजवूया ना आई. डाळ भिजत घालून ठेवायची, मऊ शिजते. झकास दिसतं, बघाल तुम्ही."

तिने शेगडीवर लोखंडी तारांची चौकोनी जाळी ठेवली, मध्ये पांढरा गोल असलेली. त्यावर टोप ठेवला. प्रयोगशाळेत असंच ठेवतात म्हणे, म्हणजे आच एका जागी लागत नाही. आमच्या वेळी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असंच चित्र असायचं, जाळीवर चंचुपात्र आणि खाली दिवा. माझ्या ओट्याची शाळा झाली होती आणि परीक्षेला बसवलं होतं मला.

माझा पहिला आक्षेप स्वच्छतेचा होता. "ही भांडी तू लॅबमधून उचलून आणली नाहीस ना? लोकांची लघवी तपासलेली असायची त्यात."

"अहो आई, आमच्याकडे लघवी नाही तपासत. गोळ्या तपासतो. आणि हे दुकानातून नवीन घेतलंय, लेबल बघा ना."

लेबल मी बघितलं, पण लेबल काय, कोणीही चिकटवतं. दोन्ही टोप मी चिंच आणि राख लावून घासले. काचेला ओरखडे पडतात म्हणून ती कळवळली. पडूदेत म्हटलं, तेवढीच कमी आरपार दिसेल.

कारण खरी गोम तिथेच होती. स्टीलच्या टोपात काय चाललंय ते फक्त वाकून बघणाऱ्याला कळतं. काचेच्या टोपात काय चाललंय ते दारात उभं राहून कोणालाही कळतं. तेल किती सुटलंय, पाणी किती घातलंय, तळाला लागलंय का, सगळं उघड्यावर. माझ्यावर नजर ठेवायला दुसरी काय युक्ती हवी? म्हातारीने काय घोळ घातला ते बघायचं, नवऱ्याला दाखवायचं आणि सुंठीवाचून खोकला गेला. बाई ठेवायला सगळे मोकळे. माझ्या डोक्यात हे इतकं चोख बसलं होतं की मी सुनेच्या हुशारीचं मनातल्या मनात कौतुकही केलं.

शिवाय ती बघायचीच. मी काम करत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, चहाचा कप घेऊन. मी अचानक वळले की दचकायची. कधी वाटायचं, आत्ता ही काहीतरी बोलली. मी वळून बघितलं की हसायची आणि निघून जायची. अशा माणसाबद्दल चांगलं मत कसं होणार?

मग मीही माझी युक्ती काढली. ती दोघं सकाळी कामाला गेली की मी जाळी बाजूला काढायची आणि माझ्या जुन्या स्टीलच्या टोपात डाळ लावायची. समोर उभं राहून, अगदी डोळ्यात तेल घालून, कारण आणखी एक डाळ जळली असती तर माझं काही खरं नव्हतं. शिजली की काचेच्या टोपात ओतायची, स्टीलचा टोप घासून जागेवर ठेवायचा. संध्याकाळी सून येऊन काचेतली पिवळीधमक डाळ बघायची आणि खूश व्हायची.

"बघा, म्हटलं होतं ना मी? आता काही टेन्शन नाही ना आई?"

"कसलं टेन्शन?" मी म्हणायचे. "मला काय धाड भरलीय?"

हे नाटक बरेच दिवस चाललं. मला त्यात मजा यायला लागली होती हे खोटं कशाला सांगू? डाव त्यांचा, पण पत्ते माझ्या हातात, असं वाटायचं.

मग तो शनिवार आला. मुलाला सुट्टी असूनही तो कुठल्यातरी कामाला मुलुंडला गेला होता. सुनेचा अर्धा दिवस होता, ती दुपारी यायची होती. मी घाईत होते. डाळ शिजली, तशी काचेच्या मोठ्या टोपात ओतली. टोप नुकताच विसळलेला होता, बुडाला पाणी होतं, ओटाही ओला होता. आमचा ओटा काटकोनात आहे, एका बाजूला शेगडी आणि पाठीमागच्या बाजूला मोरी. टोप मोरीच्या बाजूला ठेवून मी शेगडीकडे वळले आणि फोडणीचं तेल तापत ठेवलं.

मोहरी टाकली. मोहरी तडतडली की नाही हे मी हल्ली डोळ्यांनीच बघायचे, दाणे उडायला लागले की हिंग टाकायचा. तशी बघत उभी होते. तेवढ्यात डाव्या पायाच्या टाचेला चटका बसला. गरम, ओलं काहीतरी. मी खाली बघितलं तर पायाभोवती डाळ. मागे वळले तर सगळ्या फरशीवर डाळ आणि डाळीत काचा, हाताएवढे मोठे तुकडे, मोरीपासून फ्रिजपर्यंत.

गरम आमटीची वाटी ओल्या ताटात आपली आपण सरकते ना, तसा तो टोप ओल्या ग्रॅनाइटवरून सरकत कडेला गेला आणि पडला. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच. मला वाटलं, घरात कोणीतरी आलंय. कोणीतरी येऊन टोप पाडला आणि पळालं. मी काचा चुकवत बाहेरच्या खोलीत गेले. कोणी नाही. दाराला आतून लॅच होतं. बेडरूममध्ये बघितलं, बाथरूममध्ये बघितलं. इतकं बघूनही माझं मन मानेना. कारण टोप आपला आपण पडला असता तर आवाज झाला असता. काचेचा भरलेला टोप फरशीवर फुटतो, माझ्यापासून दोन हातांवर, आणि मला ऐकू येत नाही, हे कसं होईल?

मी स्वयंपाकघरात परत आले. लहान टोप फळीवर होता. तो खाली घेतला, कानाजवळ धरला आणि त्याच्या काठावर चमचा मारला. काच हाताला थरथरलेली कळली. पुन्हा मारला, जोरात. बोटांना कळलं, कानाला काही नाही. दुसऱ्या कानाजवळ धरला. तिकडे अगदी बारीक काहीतरी, लांबच्या खोलीत कोणी बोलावं तसं. आयुष्यभर ज्यांनी मला कधी दगा दिला नव्हता ते माझे कान होते. मला रडू आलं. चमचा हातात, टोप हातात, पाय डाळीत आणि मी मोठ्याने रडत होते. ते रडणं मात्र मला ऐकू येत होतं.

खांद्यावर हात पडला तेव्हा मी किंचाळले. सून होती. ती कितीतरी वेळ बेल वाजवत होती, शेवटी स्वतःच्या चावीने आत आली होती. तिने आधी गॅस बंद केला, फोडणीच्या कढल्यातून धूर निघत होता ते उचलून खिडकीत ठेवलं. मग मला हाताला धरून मोरीजवळ नेलं आणि माझी टाच नळाखाली धरली. स्टुलावर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली, माझ्या तोंडासमोर तोंड आणून.

"आई, लागलंय का कुठे? काच?"

शब्द अन् शब्द ऐकू आला मला. ऐकू आला का दिसला, कोण जाणे.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "पाठीमागून हाक मारली की तुम्ही वळायचा नाहीत. समोरून बोललं की लगेच उत्तर. ह्यांचा आवाज पोचतो, माझा नाही पोचत. पातळ आवाज जातात आधी. मग मी मुद्दाम बघायला लागले, दारात उभी राहून. कधी हळू बोलायची, कधी मोठ्याने. लॅबमध्ये वजनकाट्याची परीक्षा घेतो तशी."

"म्हणजे पाळत होतीच माझ्यावर."

"होती," ती म्हणाली. "सॉरी."

इतक्या दिवसांत माझा एक तरी संशय खरा ठरला याचं मला त्या अवस्थेतही बरं वाटलं. "आणि ही काच कशाला आणलीस मग? लोकांना दाखवायला, म्हातारी काय करते ते?"

"तुम्हाला दिसावं म्हणून आणली. शिट्टी ऐकू नाही आली तर डाळ जळते. पण उकळी दिसते ना काचेतून, बाहेरच्या खोलीतूनसुद्धा दिसते. मी तिथल्या खुर्चीवर बसून बघितलंय. म्हणून कुकर वर टाकला."

 मग एवढे दिवस स्टीलमध्ये डाळ शिजवून तिच्या काचेत ओतली, हे सांगून टाकलं. तिने कपाळावर हात मारला. "वाट लागली! अहो, आणि मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत फिरतेय, माझ्या सासूबाई काचेत स्वयंपाक करतात म्हणून."

"पण हे मला तोंडावर सांगायला काय झालं होतं? ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मान्य केलं असतं?"

केलं नसतं. तिला घराबाहेर काढलं असतं. ते तिच्या तोंडावर कबूल केलं नाही, एवढंच. मी विचारलं, "त्याला माहीत आहे?"

आता ती खाली बघायला लागली. मी तिची हनुवटी धरून वर केली, मला दिसायला हवं होतं.

"त्यांना वाटतंय तुम्ही विसरता. गॅसवर ठेवलेलं विसरता, विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देता. त्यांना वाटतंय डोक्याचं काहीतरी आहे. आज मुलुंडला त्यासाठीच गेलेत, डॉक्टरची वेळ घ्यायला. बाई उद्यापासून येणार होती, मी म्हटलं थोडे दिवस थांबा. आम्ही रोज रात्री त्यावरूनच भांडतो."

"मग तू सांगितलं का नाहीस त्याला, कान गेलेत म्हणून?"

"ते तुम्ही सांगायचं, आई. माझं नाही ते."

संध्याकाळपर्यंत मी विचार करत बसले. विचार कसला, हट्ट चालला होता स्वतःशीच. कान गेले हे तोंडाने सांगायचं म्हणजे मी जन्मभर जी होते ती आता नाही, असं सांगायचं. न सांगावं तर डोकं गेलं असं ठरणार आणि शेगडी जाणार. एरवी अशा वेळी मी मूग गिळून गप्प बसले असते आणि सगळा दोष कोणावर तरी ढकलला असता. ढकलायला कोणी उरलंच नव्हतं.

मुलगा आला. केराच्या डब्याशेजारी कागदात बांधलेल्या काचा त्याने बघितल्या, माझ्या टाचेवरचं मलम बघितलं आणि तो खुर्चीत मटकन बसला.

"बस झालं आई. उद्यापासून बाई येतील. आणि सोमवारी आपण एका डॉक्टरांकडे जायचंय."

"कसला डॉक्टर?"

तो बायकोकडे बघायला लागला. ती भिंतीकडे.

"माझं डोकं ठिकाणावर आहे," मी म्हटलं. "माझे कान गेलेत. टोप फुटला, मला ऐकू आला नाही. कुकरची शिट्टीही तीनही वेळा झाली असेल. रिंगेला काही झालं नव्हतं."

माझा मुलगा वाईट नाही. पण तो कोर्टातला आहे. म्हणाला, "आणि हे कशावरून?" तशी सून त्याच्यावर असली काही खेकसली की तिचा आवाज मला बसल्या जागेवरून ऐकू आला. तो हसला नाही. त्याचे डोळे भरले होते. जवळ येऊन माझ्या गुडघ्याशी बसला आणि म्हणाला, कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, मशीन लावू. पण तोवर तरी बाई राहू दे. तू एकटी घरात असतेस, मला कामात भीती वाटते गं.

"भीती वाटते तर उद्या उभा राहा आणि बघ," मी म्हटलं. "एक टोप अजून शाबूत आहे. त्यात डाळ लावते. करपली तर बाई आण. नाही करपली तर पुन्हा नाव काढायचं नाही."

तो कबूल झाला. रविवारी तो उशिरापर्यंत झोपतो, पण वकिलांची कसलीशी कागदपत्रं लावायची होती म्हणून त्याला सकाळीच निघायचं होतं. आंघोळ करून, बॅग खांद्याला लावून तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. कालपर्यंत त्या जागी सून उभी असायची. आज मी वळून वळून बघितलं नाही.

जाळी ठेवली, लहान टोप ठेवला, भिजवलेली डाळ आणि पाणी घातलं. आयुष्यभर डाळ शिजवली मी, पण शिजताना तिला बाजूने कधी बघितलं नव्हतं. आधी तळाशी नुसते बारीक मोती धरले. मग एक दाणा उठला, वरपर्यंत जाऊन परत खाली आला. मग आणखी चार. थोड्या वेळात सगळी डाळ खालून वर आणि वरून खाली फिरायला लागली. मी बघतच राहिले. फेस काठाशी यायला लागला तसा गॅस बारीक केला, झाकण कलतं ठेवलं. काहीच ऐकू येत नव्हतं आणि काहीच कळायचं राहत नव्हतं. तेलात उडणाऱ्या मोहरीच्या दाण्यांइतकी खात्री वाटली मला. डाळ फुटून मऊ झाली, घोटली, मीठ घातलं. तळाला एक दाणासुद्धा लागला नव्हता, तो दारातूनच बघू शकत होता.

तेव्हा मागे काहीतरी हललं असं मला वाटलं. आवाज नव्हता, ओट्यावरचा उजेड जरासा बदलला होता. एरवी मी तसंच काम करत राहिले असते. आज पळी ठेवली आणि वळले. तो चपला घालून दरवाजापर्यंत पोचला होता, कडीवर हात होता.

"काय म्हणालास?" मी विचारलं. असं परत विचारणं मला उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.

"येतो म्हटलं," तो म्हणाला. "रोज म्हणतो गं."

आणि मी इतके महिने मनात धरून बसले होते की पोरगा आता आईला सांगूनसुद्धा जात नाही.